जळकोटहून अडीच दिवस : आधी पाऊस, मग पंचांग, शेवटी नकाशा

मराठवाड्यात जळकोट नावाची दोन गावे आहेत. एक लातूर जिल्ह्यात, तालुक्याचे ठिकाण. दुसरे धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद महामार्गाला लागून, नळदुर्गाच्या पुढे आठ किलोमीटरवर. मोबाइलमध्ये नुसते 'जळकोट' टाकून निघालेला पाहुणा जिल्हा ओलांडून भलतीकडे पोचू शकतो, म्हणून 'नळदुर्गाजवळचे जळकोट' एवढे आधी पक्के करून घ्यावे. हा लेख त्या गावाला मध्यावर धरून अडीच दिवसांत काय पाहता येईल आणि ते कसे आखावे, याविषयी आहे.

प्रेक्षणीय स्थळ म्हणून जळकोटचे नाव कुणी घेत नाही. हमरस्त्यावरचे ते शेतकऱ्यांचे गाव. तिथे माणसे येतात ती बहुधा नात्याने : लग्नाला, जावळाला, माहेरपणाला, सुट्टीत मामाकडे. दोन दिवस झाले की पुण्या-मुंबईचा पाहुणा विचारतो, "इथे बघण्यासारखे काय आहे?" आणि यजमान म्हणतात, "तुळजापूरला जाऊन या की." उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. दोन तासांच्या टापूत इथे चारशे वर्षांपूर्वी धरणाच्या भिंतीत बांधलेला महाल आहे, साडेतीन पीठांपैकी एक पीठ आहे, एकच मूर्ती आळीपाळीने वसते अशी खंडोबाची दोन देवळे आहेत, आणि दोन हजार वर्षांपूर्वी ज्याचे कापड भूमध्य समुद्राकडे जाणाऱ्या व्यापारात होते असे एक गाव आहे.

सहल आखताना आपण नकाशा उघडतो, जवळजवळचे ठिपके जोडतो आणि तासांची वाटणी करतो. या भागात तो हिशेब फसतो. ठिकाणे जागची हलत नाहीत, पण त्यांची अवस्था तारखेगणिक बदलते. धबधबा असतो किंवा नसतो. देव या देवळात असतो किंवा त्या देवळात. जो रस्ता एरवी तासाभराचा, तोच काही दिवस गाड्यांना बंद असतो. म्हणून इथे क्रम उलटा ठेवावा : आधी पाऊस पाहावा, मग पंचांग, आणि शेवटी नकाशा.

आधी पाऊस

नळदुर्ग किल्ल्यातले 'नर' आणि 'मादी' हे दोन धबधबे म्हणजे या सहलीचा सर्वांत मोठा सोहळा. ते बोरी नदीवर अवलंबून आहेत, आणि आजची बोरी थेट किल्ल्यात येत नाही. नळदुर्गाच्या वरच्या अंगाला बोरी मध्यम प्रकल्पाचे धरण आहे. ते भरून सांडव्यावरून पाणी सुटले की मगच किल्ल्यातल्या जुन्या बंधाऱ्यात पाणी चढते आणि धबधबे सुरू होतात. म्हणजे नुसता पाऊस पडून भागत नाही. धरण भरून वाहायला हवे.

मराठवाड्याचा पाऊस बेभरवशाचा. जून-जुलै कोरडे जाऊन सप्टेंबरच्या परतीच्या पावसात धरण भरल्याची वर्षे आहेत, आणि मुळीच न भरल्याचीही आहेत. साधारणपणे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा काळ धरावा, पण तिकिटे काढण्याआधी बोरी धरणाची बातमी पाहावी. धरण भरले की सोलापूर-धाराशिवच्या वर्तमानपत्रांत 'बोरी ओव्हरफ्लो' ही बातमी ठळक असते, कारण याच धरणावर तुळजापूर आणि नळदुर्गाचे पिण्याचे पाणीही अवलंबून आहे. नातेवाईक गावात असतील तर फोनवर एवढेच विचारावे, "बोरी भरली का?" "सांडवा चालू हाय की," असे उत्तर आले तर पिशवी भरावी.

पाणी नसेल तर किल्ला पाहूच नये असे नाही. उलट बांधकाम समजून घ्यायचे असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीचा काळ चांगला. तेव्हा बंधाऱ्याची उघडी भिंत, तिच्यातल्या कमानी, दगडांचे थर नीट दिसतात, आणि गर्दीही नसते. एप्रिल-मे मात्र टाळावेत. तटावर सावली नाही, काळा दगड दहा वाजताच तापतो, आणि पारा चाळिशी ओलांडतो.

मग पंचांग

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. भाद्रपदाच्या वद्य पक्षातली घोरनिद्रा, दसऱ्यानंतरची श्रमनिद्रा आणि पौषातली मोहनिद्रा. निद्राकाळात सिंहासनावरच्या पूजा होत नाहीत. ज्यांना अभिषेक करायचा असेल, त्यांनी या तिथी आधीच पाहून ठेवाव्यात. लांबून येऊन ऐनवेळी हिरमुसले होणारे लोक दरवर्षी असतात.

शारदीय नवरात्रापासून कोजागरीपर्यंतचे दिवस वेगळेच. सोलापूर, लातूर, कर्नाटकाचा सीमाभाग, आंध्र-तेलंगणातून लोक पायी येतात. कोजागरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्ता वाहनांसाठी बंद ठेवून वाहतूक दुसरीकडून वळवतात. संबळ, पोत, परडी, कवड्यांच्या माळा, रात्रभर चालणारी माणसे, वाटेवर चहा-फराळ देणारी गावे हे सारे अनुभवायचे असेल तर हाच काळ, पण मग त्याला 'सहल' म्हणू नये. ती यात्रा असते, आणि यात्रेला यात्रेकरूच्याच तयारीने जावे. लहान मुले आणि वयस्क मंडळी बरोबर असतील तर हे दिवस सोडावेत. एरवीच्या आठवड्यात मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा हे गर्दीचे दिवस.

खंडोबाचे गणित आणखी मजेचे आहे. नळदुर्गाच्या अलीकडे, सोलापूरच्या बाजूला अणदूर आहे, आणि नळदुर्गाला लागून मैलारपूर. दोन्हीकडे खंडोबाचे देऊळ आहे आणि मूर्ती एकच. वर्षातला बराच काळ देव अणदूरला असतो. मार्गशीर्षात चंपाषष्ठी होऊन अणदूरची यात्रा झाली की तो मैलारपूरला येतो आणि पावणेदोन महिने तिथे राहतो. पौष पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते, त्यानंतर देव परत अणदूरला जातो. त्याच पौर्णिमेला तुळजापुरात शाकंभरी नवरात्राची सांगता होते. त्यामुळे पौष पौर्णिमेला या संबंध पट्ट्यात लॉजची खोली मिळणे अवघड.

आणखी एक तिथी पाहुण्यांना ठाऊक नसते : मार्गशीर्ष अमावस्येची वेळ अमावस्या, बोलीत 'येळवस'. धाराशिव, लातूर आणि सोलापूरच्या काही भागांत त्या दिवशी गावे ओस पडतात, बाजारपेठा बंद, एसटीत कुणी नाही. सगळे शेतात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप करतात, तिच्यात पांडवांचे दगड मांडून पूजा होते आणि मग पंगत बसते : भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर, भाकरी. भज्जी म्हणजे तेलातली भजी नव्हेत. हिवाळी पालेभाज्या, ओल्या शेंगांचे दाणे आणि बेसन एकत्र शिजवून केलेली दाट भाजी. आंबील ज्वारीच्या पिठाची, ताकातली, लसूण घातलेली, मडक्यात गार केलेली. दुकाने बंद म्हणून तो दिवस पर्यटकाला वाया गेल्यासारखा वाटतो. पण जळकोटला नातेवाईक असतील तर त्याच दिवशी जावे. किल्ला दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो. आणि नातेवाईक नसले तरी शेताच्या बांधावर थांबलेल्या परक्या माणसाला जेवल्याशिवाय सोडण्याची रीत इथे नाही.

शेवटी नकाशा : शुक्रवार दुपार ते रविवार

वारांची मांडणी अशी करावी. खंडोबाकडे रविवारी गर्दी, तुळजापूरला मंगळवार-शुक्रवार-रविवारी गर्दी, आणि सरकारी संग्रहालये बहुधा सोमवारी बंद. तेव्हा शुक्रवारी दुपारी जळकोट गाठून संध्याकाळी खंडोबा, शनिवारी तुळजापूर आणि तेर, रविवारी सकाळी नळदुर्ग आणि तिथूनच परतीचा रस्ता. हे वेळापत्रक सर्वांत कमी धक्क्याचे. मधल्या वारी रजा मिळत असेल तर बुधवार-गुरुवार त्याहून चांगले.

शुक्रवारची संध्याकाळ सोपी ठेवावी. देव ज्या गावी असेल तिथे जाऊन यावे, भंडारा कपाळी लावावा आणि येताना बोरीच्या पुलावर थांबावे. या पुलाला इतिहास आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानावरची लष्करी कारवाई सुरू झाली, तेव्हा सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेला पहिला अडथळा नळदुर्गाचा होता. हैदराबादच्या सैनिकांनी उडवून देण्याआधी बोरीवरचा पूल सुखरूप हाती घेणे हे पहिले काम होते आणि ते साधले. त्यानंतर चिलखती दल सकाळी नऊच्या सुमारास जळकोटात शिरले आणि दुपारी उमरग्याला पोचले. त्याच दिवशी दुसरी तुकडी तुळजापुरावर गेली आणि दोन तासांच्या चकमकीनंतर तिथले सैनिक आणि रझाकार शरण आले. पुढे लोहाऱ्याकडचा रस्ता मात्र नदीला पूर आल्यामुळे अडला. या मुलखात सप्टेंबरचा पाऊस रणगाड्यांनाही थोपवतो. आपल्या मोटारीची काय कथा! १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो. त्या सुमारास आलेल्यांनी मुलांना हा पूल दाखवून ही हकीकत जरूर सांगावी.

शनिवार : तुळजापूर आणि तेर

जळकोटहून तुळजापूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, नळदुर्गावरून. पहाटे निघावे. बालाघाटाच्या डोंगरात उतारावर देऊळ असल्याने महाद्वारातून पायऱ्या खाली उतरत जातात. वाटेत कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ. गाभाऱ्यातली मूर्ती काळ्या दगडाची, अष्टभुजा, महिषासुरमर्दिनी. भोसले घराण्याची ही कुलदेवता. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांची कुलस्वामिनी तीच असल्याने इथे आलेल्या बहुतेकांचे येणे हौसेचे नसते. लग्नानंतरचे, जावळाचे, नवसाचे असते. ज्यांचे तसे काही नाही त्यांनी मुखदर्शनाची रांग धरावी, घाई करू नये आणि फोटो काढण्याच्या भानगडीत पडू नये.

वाचनाची आवड असलेल्यांसाठी एक धागा. तुळजापूर इंग्रजी कादंबरीत आले त्याला दीडशे वर्षांहून अधिक काळ झाला. फिलिप मेडोज टेलर या लेखकाची 'तारा' ही कादंबरी १८६३ची. तिची नायिका तुळजापूरची. टेलरला हा मुलूख ऐकीव नव्हता. निजामाने १८५३च्या तहात नळदुर्गाचा भाग इंग्रजांना दिला, तेव्हा त्या भागाचा कारभार टेलरकडे आला आणि १८५७पर्यंत त्याचा मुक्काम नळदुर्गात होता. १८६०मध्ये हा भाग निजामाला परत मिळाला. ठगांवरच्या ज्या कादंबरीने त्याचे नाव झाले ती त्याआधीची, १८३९ची.

तुळजापूरहून धाराशिव वीस-बावीस किलोमीटर. तिथे चहा घ्यावा, गुलाबजाम खावेत आणि तेरचा रस्ता धरावा. तेर हे तेरणा नदीकाठचे गाव. वारकऱ्यांसाठी ते गोरोबाकाकांचे, संत गोरा कुंभारांचे गाव. त्यांची समाधी इथे आहे आणि चैत्र वद्यात यात्रा भरते. संतमंडळीत कोणाचे मडके कच्चे हे थापटण्याने तपासल्याची प्रसिद्ध कथा याच गावची.

इतिहासाच्या अभ्यासकांसाठी तेर म्हणजे तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तो ग्रंथ 'पेरिप्लस' या नावाने ओळखतात. त्यात दक्षिणेतली दोन बाजारगावे ठळक आहेत : पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे तगर. तगरहून साधे कापड आणि मलमल यांचे गाडेच्या गाडे बिकट वाटांनी भडोच बंदराला जात, असे तो सांगतो. हे तगर नेमके कोणते, यावर एकोणिसाव्या शतकात पुष्कळ वाद झाला. १९०१मध्ये संशोधक फ्लीट यांनी ते तेर असल्याचे दाखवले. पुढच्या उत्खननांत सातवाहन काळाच्या वस्तीचे ढीगभर पुरावे मिळाले.

त्या वस्तूंपैकी बऱ्याच आज गावातल्या संग्रहालयात आहेत. रामलिंगप्पा लामतुरे या गावकऱ्याने आयुष्यभर नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडातून वस्तू गोळा केल्या. पाऊस पडून गेला की टेकाडावरून मणी, शंखाचे तुकडे, भाजलेल्या मातीच्या मूर्ती उघड्या पडत. लोक ते लामतुऱ्यांकडे आणून देत. हा संग्रह त्यांनी शासनाला दिला आणि संग्रहालयाला त्यांचेच नाव मिळाले. तिथे सावकाश फिरावे. पांढऱ्या काओलिन मातीच्या, दोन साच्यांत घडवलेल्या छोट्या मूर्तींकडे पाहावे : डोक्यावरची फुलांची रचना, कानातली जड भूषणे, गालावरचे हसू सगळे शाबूत. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकटही इथेच ठेवली आहे.

इथे सापडलेल्या एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीची गोष्ट सर्वांत लांबची आहे. इटलीत नेपल्सजवळचे पॉम्पेई हे गाव इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडले गेले. १९३८मध्ये तिथल्या एका घरातून भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती भारतात कुठे घडली असेल याचा शोध घेताना अभ्यासकांना तिच्या सर्वांत जवळच्या बहिणी दोन ठिकाणी सापडल्या : जालना जिल्ह्यातले भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातले तेर. आज मराठी घरांतली तरुण मंडळी इटलीच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या छोट्या गावात चार दिवस घालवण्यासाठी वर्षभर पैसे साठवतात. जरूर जावे. पण त्या किनाऱ्याशी आपल्या मुलखाचा दोन हजार वर्षांचा देण्याघेण्याचा संबंध जिथे डोळ्यांनी दिसतो, ते गाव जळकोटहून दोन तासांवर आहे.

संग्रहालयातून निघाल्यावर त्रिविक्रम मंदिर चुकवू नये. विटांचे, मागची बाजू अर्धगोल असलेले हे बांधकाम मुळात बौद्ध चैत्य होते, पुढे त्याचे विष्णुमंदिर झाले. आत त्रिविक्रमाची उंच मूर्ती आहे. कोरून काढलेले चैत्य महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. विटांनी रचलेला आणि अजून उभा असलेला चैत्य फार दुर्मीळ. जमिनीवर उभे राहून त्याच्या पाठीला एक फेरी मारली की कार्ले-भाज्याच्या लेण्यांत आतून दिसणारा आकार बाहेरून कसा असतो ते कळते.

रविवार सकाळ : नळदुर्ग

किल्ल्यावर दार उघडताच पोचावे. धबधब्यांच्या दिवसांत रविवारी दहानंतर रीघ लागते. किल्ला बसॉल्टच्या पठारावर, बोरीच्या वळणात बसला आहे. परिसरात ११४ बुरूज असल्याचे सांगतात. बहमनी काळात दगडी तट झाला, आदिलशाहीत त्याला आजचे रूप आले. नऊ पाकळ्यांच्या घडणीचा नवबुरूज आणि किल्ल्याच्या आत उंच उभा असलेला उपळी बुरूज या दोन जागा पाहाव्यात. उपळी बुरुजावर लांब तोफा आहेत. चढ खडा आहे, पण वरून बोरीचे वळण, तट आणि पलीकडचा रणमंडळ किल्ला एका नजरेत येतो आणि किल्ल्याची सगळी रचना उलगडते. म्हणून आधी उपळी बुरूज, मग बंधाऱ्याच्या भिंतीतला पाणीमहाल हा क्रम ठेवावा.

वरून जे दिसते ते असे. मुख्य किल्ला एका काठावर, रणमंडळ हा छोटा किल्ला दुसऱ्या काठावर, आणि दोघांना जोडणारा दगडी बंधारा मध्ये. नदीचे पाणी वळवून किल्ल्यात घेतले आणि त्या बंधाऱ्याने अडवले. एका बांधकामातून तीन कामे साधली. किल्ल्याला बारमाही पाणी मिळाले, पाण्याच्या बाजूने शत्रूची वाट अडली, आणि दोन किल्ल्यांमध्ये भिंतीवरून जा-ये करता आली. हा बंधारा आणि त्यातला महाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीतले. शिलालेखातले हिजरी वर्ष १०२२, म्हणजे इसवी सन १६१३. बांधणाऱ्याचे नाव मीर मुहम्मद इमादुद्दीन.

आता बंधाऱ्यावर यावे. वरून चालताना खाली महाल आहे याची शंकाही येत नाही. भिंतीच्या पोटात उतरणारा अरुंद जिना येतो, अंधारात पायऱ्या चाचपत खाली जावे लागते, आणि एकदम कमानींची, नक्षीकामाची खोली समोर येते. तिचा सज्जा पाणी साठते त्या बाजूला नाही. पाणी कोसळते त्या बाजूला उघडतो. बंधारा भरला की पाणी दोन अंगांच्या सांडव्यांवरून खाली झेपावते. आपण भिंतीच्या आत, पाणी डोळ्यांसमोरून खाली जाते, कानठळ्या बसतात, तुषार अंगावर येतात, आणि तरी खोली कोरडी राहते.

भिंतीत पोकळी ठेवूनही ती चारशे वर्षे कशी टिकली? दगडी बंधारा पाण्याचा दाब पेलतो तो आपल्या वजनावर. पाणी भिंतीला आडवे ढकलते. भिंत जितकी जड आणि तळाशी जितकी रुंद, तितकी ती जागची हलत नाही. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, म्हणून तळाशी जाडी हवी, माथ्याशी कमी चालते. महालासाठी पोकळी काढताना ती पडत्या पाण्याच्या अंगाला काढली आणि साठ्याच्या बाजूला भरीव दगडकाम राखले. जादा पाणी भिंतीवरून मनाला येईल तिथून न जाता ठरवून दिलेल्या दोन वाटांनीच जाते, त्यामुळे महालाच्या माथ्यावर धार आदळत नाही. दगड घट्ट बसवलेले, सांध्यांत चुना. कवितेत शोभेल अशी कल्पना आणि अभियंत्याचा चोख हिशेब दोन्ही इथे एकाच भिंतीत आहेत.

सावधगिरी मात्र हवी. सांडवा जोरात असताना बंधाऱ्यावर शेवाळ असते, कठडे सगळीकडे नाहीत, आणि पाणी फार चढले तर महालाकडची वाट बंद ठेवतात. पहारेकऱ्याने नाही म्हटले की नाही. किल्ला नीट पाहायला तीन-चार तास लागतात. नुसता धबधबा पाहून, सेल्फी काढून परतणाऱ्याला अर्धा तास पुरतो, आणि त्याने पाहिलेलेही तेवढेच असते.

येणे-जाणे, मुक्काम, पोटपूजा

सगळ्यांत सोयीचे स्थानक सोलापूर. मुंबई-पुण्याहून तिथे रात्रीच्या गाड्या आहेत, आणि फेब्रुवारी २०२३पासून मुंबई-सोलापूर वंदे भारतही आहे. सोलापूर ते नळदुर्ग सुमारे पन्नास किलोमीटर. उमरगा किंवा हैदराबादकडे जाणारी एसटी नळदुर्गाला थांबते. जळकोटला कोणती थांबते ते कंडक्टरला चढण्याआधीच विचारावे. लातूर-मिरज लोहमार्गावर धाराशिव स्थानक आहे, ते तेरला जवळ. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव लोहमार्गाचे काम झाले की तुळजापूरला थेट रेल्वे मिळेल. तोवर एसटी किंवा स्वतःचे वाहन. शनिवारच्या फेरीला मात्र गाडी ठरवावी. तेरहून संध्याकाळी एसटीच्या भरवशावर परतणे कुटुंबकबिल्यासह जमत नाही.

मुक्कामाला नातेवाइकांचे घर असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर तुळजापूरला भक्तनिवास आणि लॉज भरपूर, नळदुर्गात मोजके. जेवणात हॉटेलच्या पनीरच्या नादी न लागता ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, पिठले, धपाटे मागावेत. मांसाहारी मंडळींना महामार्गावरच्या ढाब्यांवर मटण-भाकरी चांगली मिळते. उस्मानाबादी शेळी ही जातच या जिल्ह्याच्या नावाची. जिल्ह्याचे नाव २०२३मध्ये धाराशिव झाले, शेळीचे मात्र तेच राहिले.

काय गाळावे

सहल बिघडते ती बहुधा यादी लांबल्यामुळे. 'एवढे आलोच आहोत तर' म्हणून लोक तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर आणि पंढरपूर एका दिवसात कोंबतात आणि चारही ठिकाणी फक्त चपला काढून घालतात. अडीच दिवसांत अक्कलकोट गाळावे. ते सोलापूरच्या वेगळ्या फेरीत छान होते. धाराशिवची लेणी आणि येडशीचे रामलिंग अभयारण्य पुढच्या वेळी. परंडा किल्ला तर स्वतंत्र दिवस मागतो. वेळ अपुरा पडलाच तर तेर आणि नळदुर्ग ठेवून बाकी सोडावे, कारण तुळजापूरला मराठी माणूस आयुष्यात केव्हातरी जातोच. तेरला आणि पाणीमहालात मुद्दाम ठरवल्याशिवाय जाणे होत नाही.

आणि एक विनंती. पाणीमहालाच्या कमानींवर आणि त्रिविक्रमाच्या विटांवर खिळ्याने नावे कोरलेली दिसतात. ती पाहून आपल्या मुलांचा हात शिवशिवला तर तिथेच धरावा. तेरच्या टेकाडावर एखादा मणी किंवा मातीचा तुकडा पायाशी आला, तर तो खिशात न घालता संग्रहालयात नेऊन द्यावा. लामतुऱ्यांचा संग्रह गावकऱ्यांच्या अशाच सवयीने उभा राहिला.